विलायती पत्रा

मुहूर्त दहा बेचाळीसचा होता आणि सव्वानऊलाच साल्गाडूंच्या अंगणात दोन भांडणं आटोपून तिसऱ्याची तयारी चालली होती. पहिलं झालं शकुनाच्या दुधाच्या मडक्यावरून: ते कोणत्या दिशेला उतू जायला हवं. दुसरं घड्याळावरून. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे चालतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते अजून चारच मिनिटं मागे आहे की आणखी रेंगाळलंय याची खात्री कुणालाच नव्हती. तिस्सच्या फोनवर इटलीची वेळ होती. ब्रेशियात तो ज्या म्हाताऱ्याची सेवा करतो त्याच्या गोळ्यांच्या वेळा चुकू नयेत म्हणून सुट्टीत घरी पानदुऱ्याला आला तरी तो ती बदलत नसे.

"साडेचार तास मिळवायचे की वजा करायचे रे, मल्ली?" मानेलने धाकट्या भावाला, तिस्सला, विचारलं.

"मिळवायचे, अक्का. इटली मागे आहे."

"ऐकलंत?" मानेलचा नवरा, सिमेंट-पत्र्याचा दुकानदार उपाली, अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाला. "इटली आपल्या मागे आहे. आणि हे साहेब तिथून पत्रा घेऊन आलेत."

झालं. तिसरं सुरू झालं.

हे सगळं मानेल-तिस्सच्या बापाने, विल्बर्ट बासने, स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं. गेल्या पोयाच्या, म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी, देवळातून आल्या आल्या, त्याने जाहीर केलं: "मॉरिस गाडीचं डावं मडगार्ड नवीन करायचं. पत्रा ज्याचा त्याने निवडून आणायचा. ज्याचा मला पटेल त्याच्या हाती कातर. पहिला काप त्याचा, आणि कारखानाही त्याचा." आमच्या पानदुऱ्यात पत्राकाम करणारे बास, म्हणजे उस्ताद, पन्नास असतील, पण नुसतं 'बास' म्हटलं की विल्बर्ट साल्गाडू. ती कातर त्याला त्याच्या उस्तादाने अशाच मुहूर्तावर दिली होती. आता तो चौऱ्याऐंशीचा, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. कमरेला सारोंगच्या दुमडीत दोन वस्तू कायम: जुन्या रेडिओतून काढलेलं चुंबक आणि गुडघ्यांना लावायच्या तेलाची बोटभर बाटली. चुंबक त्याची कीर्ती होती. त्याने दुरुस्त केलेल्या गाडीला ते कुठेही लावा, चिकटायचंच. लांबीची पुट्टी भरून पोचा लपवणाऱ्यातला तो नव्हता. तेलाचा मात्र गुडघ्यांना काही उपयोग झालेला कुणी पाहिला नाही.

मडगार्ड उतरवून पोत्यावर ठेवलं होतं. त्याची गोष्ट घरातल्या लहान पोरालाही पाठ. चौसष्ट साली एका बसने मूळ मडगार्डाचा चुराडा केला. बाहेरचा माल यायचा बंद, साऱ्या देशात पत्र्याचा तुकडा मिळेना. तेव्हा विल्बर्ट कोलंबोच्या बंदरावर गेला, एका इंग्रज कप्तानाची गाडी तिथल्या तिथे ठीक करून दिली आणि बक्षीस म्हणून जहाजातला अस्सल विलायती पत्रा खांद्यावर टाकून पानदुऱ्यापर्यंत चालत आला. चालत! अठरा मैल! गोष्ट दर वर्षी एक-दोन मैलांनी वाढत असे, पण पत्रा विलायतीच राहिला.

मानेल पोत्यापाशी उकिडवी बसली आणि तिने मडगार्डाच्या कडेला नाक लावलं. ऊन चढायला लागलं होतं. आला. तोच वास, खोबरेलाचा, अम्माच्या वेणीचा. अम्माला जाऊन बारा वर्षं झाली. पहिल्या पोयाला मानेल माहेरी आली तेव्हा या गाडीशेजारी उभी असताना तिला हा वास आला आणि ती तिथेच बसून रडली होती. तेव्हापासून एक पोया चुकली नाही. सोमलता साल्गाडू जिवंतपणी मुलीला एवढं नियमाने कधी भेटली नव्हती, जिवंतपणी दोघींचं पटतही नसे. हे मानेलला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती दर पोयाला येत असे. मडगार्डावर तिने पिच्चची, म्हणजे मोगऱ्याची, पांढरी फुलं ठेवली.

"तात्ता," तिने विचारलं, "हे जुनं गेल्यावर अम्मा नव्यात येईल?"

म्हातारा स्टुलावर बसला होता. त्याने मान तिच्या दिशेला केली. "पत्रा कोणता आहे त्यावर आहे," तो म्हणाला.

हे उत्तर मानेलने नवऱ्यापर्यंत पोचवलं. उपालीने ते आपल्या बाजूने लावून घेतलं.

तिस्सला हे सगळं बघून हसू येत होतं आणि हसताना थोडी शरमही वाटत होती. गॉल रोडला लागून, मागे चालत दोन मिनिटांवर समुद्र. अशा जागेवर गेली साठ वर्षं लोक गंजलेल्या गाड्या ठोकत बसलेत. आठ खोल्यांचं गेस्टहाउस, खाली कॉफीचं दुकान. नकाशा त्याच्या फोनमध्ये होता. तेरा वर्षं परक्या म्हाताऱ्यांची ढुंगणं पुसली, आता परत यायचं होतं, आणि परत येऊन राहायला कुठेतरी जागा हवी होती. ही शेवटची गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. अक्काशी मात्र विहिरीपाशी त्याचा करार झाला होता.

"तुझा पत्रा निवडला तर खालचा मजला आमच्या सिमेंटला," मानेल म्हणाली होती. "आमचा निवडला तर वरचा मजला तुला."

"आणि लयनल अय्या?"

"अय्याचा उजवा हात गेला. तो काय पत्रा उचलणार? त्याला आपण बघू ना. टाकू का त्याला रस्त्यावर?"

"आणि त्याची पोर, इरेशा?"

"इरेशाचं लग्न करू," मानेल म्हणाली, आणि विषय संपला.

त्याच वेळी, घराच्या दुसऱ्या बाजूला, उपाली मोठ्या मेव्हण्याला, लयनलला, सांगत होता, "अय्या, गोदामाला विश्वासाचा माणूस लागतो. खुर्ची, पंखा. दिवसभर ठोकाठोकी नाही. ही तुमची बहीण आणि तिचा भाऊ काय खलबत करतात ते बघितलंत ना?"

लयनल डाव्या हाताने उजवा चोळत राहिला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून तो कमीच बोलत असे, आणि लोक त्याच्या गप्प बसण्याचा हवा तो अर्थ काढत. खरी गोष्ट अशी की पंख्याचा विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. दोन वर्षं कारखान्यावर पाटी त्याच्या नावाची होती आणि काम पोरीचं. गिऱ्हाईक आलं की इरेशा चेहऱ्यावरचा वेल्डिंगचा मुखवटा वर करायची आणि गिऱ्हाईक विचारायचं, "बास कुठायत?" मग ती बापाकडे बोट दाखवायची. तो मान हलवायचा. एकदाही तो म्हणाला नव्हता की अहो, बास तुमच्यासमोर उभी आहे. एकदाही नाही.

इरेशा कारखान्यात आत होती. एकतीस वर्षांची, त्यातली आठ या छपराखाली. कातर गेली तर उद्यापासून कुणाच्यातरी गोदामाची पावती फाडायची, नाहीतर गेस्टहाउसच्या चादरी घडी करायच्या. दुसरं काही तिला येत नव्हतं आणि हे तिला इतकं चांगलं येत होतं की त्याचं कुणाला कौतुक वाटेनासं झालं होतं.

तिच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. मंगळवारी तिने मडगार्डाचा आतला रंग खरवडला. चौदा थर निघाले. शेवटच्या थराखाली अक्षरं होती, निळी, हातभर. 'पोल तेल'. म्हणजे खोबरेल तेल. शेजारी माडाची अर्धी झावळी, आणि खाली मागच्या गल्लीतल्या, कधीच बंद पडलेल्या तेलाच्या घाण्याचं नाव. कप्तान नाही, जहाज नाही. सीयाने, तिच्या आजोबाने, तेलाचं रिकामं पिंप उलगडून त्याचं मडगार्ड केलं होतं आणि साठ वर्षं पानदुऱ्याला विलायत दाखवली होती.

तिला हसू आलं. मग तिने बोटाने ठोकून बघितलं, कातरीने कोपरा कापून बघितला, आणि हसू थांबलं. काम अप्रतिम होतं. पत्रा अठरा गेजचा, मऊ, ओढाल तसा ओढला जाणारा. साठ वर्षं समुद्राच्या तोंडावर राहून तो फक्त खालच्या अंगाला, चिखल साचतो तिथे कुजला होता. पिंपाचा मूळचा बाक मडगार्डाच्या बाकात असा मिसळवला होता की हातोडी कमीतकमी लागावी. आणि कडेला बळकटी यावी म्हणून पिंपाची जाड दुमड तशीच ठेवली होती. त्या दुमडीत तिने तार घालून बघितली. तार तेलाने ओली बाहेर आली. साठ वर्षांपूर्वीचं तेल डांबर व्हायला हवं. हे ताजं होतं. गेल्या महिन्यातलं असावं असं ताजं.

अक्षरांवर तिने लाल प्रायमर मारला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग ती दुसरं पिंप आणायला गेली.

पिंप आत ढकलायला बापाने मदत केली होती, डाव्या हाताने. विचारलं काहीच नाही. तिने ते तीनदा कॉस्टिक सोड्याने धुतलं, छिन्नीने उघडलं, कारण तेलाच्या पिंपाला गॅस लावायचा नाही हे पानदुऱ्यात एका बासच्या भुवया जाऊन सगळे शिकले होते. मधला, कंगोरे नसलेला भाग कापून, रंग काढून, घासून ठेवला. आता प्रश्न एवढाच होता की हा पत्रा कोणत्या तोंडाने पुढे करायचा. खरं सांगावं तर म्हाताऱ्याची अब्रू जाते. न सांगावं तर पिंपाचा पत्रा कोण निवडतो?

"आणा रे," बाहेरून सीयाचा आवाज आला. "आधी इटली."

तिस्सने पत्रा सीयाच्या मांडीवर ठेवला. चंदेरी, नितळ. म्हाताऱ्याने तो एका बोटाने उचलला.

"हलका आहे."

"म्हणूनच तर, तात्ता! तिकडे शर्यतीच्या गाड्या याच्याच करतात."

"तुझी आई किती शर्यती जिंकली? वीस मैलांच्या वर काटा गेला की ती रक्षेचं पिरित म्हणायला लागायची." त्याने सारोंगच्या दुमडीतून चुंबक काढून पत्र्यावर ठेवलं. ते घसरलं आणि तिस्सच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. "लांबी," म्हातारा म्हणाला.

"लांबी काय, तात्ता? ॲल्युमिनियम आहे!"

"चुंबक चिकटत नाही ते सगळं लांबी."

"आणि काका," इरेशा हळूच म्हणाली, "लोखंडाला जोडला की आपल्या खाऱ्या वाऱ्यात सांध्यातून खायला लागतं. दोन वर्षांत पांढरी भुकटी."

उपालीने टाळीच वाजवली. मानेलने नवऱ्याकडे रागाने पाहिलं, मग करार आठवून भावाकडे सहानुभूतीने, मग दोन्ही जमेना म्हणून दुधाच्या मडक्याकडे.

उपालीचा जस्ती पत्रा दोन माणसांनी आणला, लाल रिबीन बांधून. "हा कधी गंजणार नाही," तो म्हणाला. "तुमच्यामाझ्यानंतरही राहील."

चुंबक खटकन चिकटलं. उपालीने सगळ्यांकडे बघून घेतलं.

"इरेशा, गॅस पेटव. कोपऱ्याला लाव. जावईबापू, जवळ उभे राहा, तुमचाच माल आहे," म्हातारा म्हणाला.

ज्योत लागली, कोपरा तापला आणि पांढरा धूर निघाला. उपाली मानापोटी दोन श्वास उभा राहिला. तिसऱ्याला तो खोकत विहिरीपर्यंत गेला.

"परत या!" म्हातारा ओरडला. "एक मडगार्ड जोडायला असा तासभर बसावं लागतं. संध्याकाळी हुडहुडी भरते, सकाळी उतरते. कारखाना घेतला की धूरही घ्यायचा."

"घासून... जस्त आधी घासून टाकता येतं," उपाली डोळे पुसत म्हणाला.

"मग जस्त घासून टाकलेल्या जस्ती पत्र्याला काय म्हणायचं?"

"साधा पत्रा," लयनल म्हणाला.

सकाळपासूनचं हे त्याचं पहिलं वाक्य. सगळे त्याच्याकडे वळले, आणि सगळे वळलेच आहेत तर, असं वाटून तो आणखी बोलला. "तात्ता, मोठा मुलगा मी आहे. माझाही पत्रा आहे. माझ्या वतीने नाही," इथे तो अडखळला, जीभ झटक्यापासून जड होती, "तिच्या स्वतःच्या वतीने. इरेशा, आण."

"अय्या!" मानेल म्हणाली. "पोरीच्या हातात कातर?"

"आठ वर्षं तिच्याच हातात आहे," तिस्स म्हणाला. त्याचा अंगठा ठणकत होता आणि उपालीच्या टाळीचा आवाज कानातून जात नव्हता. "आपणच बघितलं नाही. आणू दे."

"करार विसरलास?" मानेल दातओठ खाऊन पुटपुटली.

"कसला करार?" उपालीने खोकणं थांबवून विचारलं.

इरेशाने पत्रा सीयाच्या मांडीवर ठेवला. म्हाताऱ्याने चुंबक लावलंच नाही. नखाने टिचकी मारून कान जवळ नेला. अंगठा कडेवरून फिरवला, जाडी चाचपली, तळवा मधोमध दाबला आणि सोडला. मग नाकाशी नेला. भिंतीवरच्या घड्याळात दहा छत्तीस झाले होते, म्हणजे दहा चाळीस, निदान तशी समजूत होती.

"विलायती," तो म्हणाला.

मानेलच्या तोंडून हुंदका बाहेर पडला.

"पण हा असा वाकलेला का?" उपाली पुढे झाला. दुकानदाराची नजर ती. "कोरा पत्रा सपाट असतो."

इरेशाने बापाकडे पाहिलं.

"जहाजात गुंडाळून आणतात," लयनल म्हणाला. चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

"जहाजात? मिळाला कुठे तुला, इरेशा?"

ती सीयाकडे बघत होती. म्हाताऱ्याचे निकामी डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी लागले होते, आणि मांडीवरचा हात पत्र्यावर घट्ट होता. तिच्या लक्षात आलं की तो घाबरलाय. चौऱ्याऐंशी वर्षांचा हा माणूस, ज्याच्यापुढे पानदुऱ्यातले बास विडी विझवतात, तो नातीच्या एका वाक्याला घाबरून बसलाय. तिला त्याची इतकी माया आली की खोटं बोलायला काही कष्टच पडले नाहीत.

"कोलंबो बंदरावर," ती म्हणाली. "एक म्हातारा इंग्रज होता. सीयाचं नाव सांगितलं, तर म्हणाला, माझे वडील कप्तान होते, ते नेहमी आठवण काढायचे."

"दिलदार माणूस होता," सीया म्हणाला. त्याने पायाशी ठेवलेली कातर उचलली आणि मुठी पुढे करून तिच्या दिशेला धरली. "चालत आणलास?"

"बसने."

"आजकालची पोरं," विल्बर्ट बास म्हणाला. "आग्नेयेकडे तोंड कर."

तेवढ्यात दूध उतू गेलं, ठरवलेल्या दिशेच्या बरोब्बर उलट, आणि सगळे एकदम ओरडले. त्या गोंधळात इरेशाने कातर चालवली. पत्रा कुरकुरला नाही. लोण्यासारखा फाकत गेला. तो दहा बेचाळीसला कापला की चव्वेचाळीसला, यावर आमच्याकडे आजही दोन मतं आहेत.

किरिबतच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताच्या, वड्या आणि मिरचीचा लुणुमिरिस खाताना नवी युती जमली: उपाली आणि तिस्स आता एका बाकावर बसून, साठ वर्षं चाललेल्या धंद्यात मागासलेपणा कसा असतो ते एकमेकांना पटवत होते. मानेल जुन्या मडगार्डापाशी गेली होती. लयनल दारातल्या पाटीकडे बघत उभा होता, तिच्यावर किती अक्षरं मावतील याचा अंदाज घेत.

सीयाने इरेशाचा हात धरून तिला छपराखाली नेलं.

"आतलं अजून वाचता येतं?"

"प्रायमर मारलाय."

"झावळी होती?"

"अर्धी."

"चांगली काढली होती कुणीतरी. ठोकताना वाईट वाटलं होतं मला." त्याने भिंत चाचपून पाठ टेकली. "पत्रा मिळतच नव्हता गं. तुझ्या आजीला दवाखान्यात न्यायचं होतं, लयनल पोटात होता. पिंप मिळालं, पिंप वापरलं. शेजाऱ्याने विचारलं कुठून आणलास, तर तोंडातून बंदर निघून गेलं."

"सीया, आणि ते तेल?"

बाहेर मानेल पुन्हा कुणाला तरी विचारत होती, नव्या मडगार्डात अम्मा येईल ना.

"नवं पिंप धुतलंस का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तीनदा. सोड्याने."

"वाटलंच. काही वास नव्हता." त्याने सारोंगच्या दुमडीतून गुडघ्यांच्या तेलाची बाटली काढली, चाचपडत तिची मूठ उघडली आणि बाटली आत ठेवून वरून बोटं मिटली. "आता मला वाकवत नाही. पोयाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, कडेच्या दुमडीत दोन थेंब. जास्त घातलंस तर मुंग्या येतात."